क्रीडांगणाचे आरक्षण आणि एक महिन्याची मुदत : सोलापुरातील एक प्रकरण

सोलापूरच्या हद्दवाढ भागात, विजापूर रोडपासून थोडे आत, सुमारे दोन एकरांचा एक मोकळा तुकडा आहे. विकास योजनेच्या नकाशावर तो क्रीडांगणासाठी आरक्षित आहे आणि सातबाऱ्यावर एका शेतकरी कुटुंबाच्या नावे आहे. पावसाळ्यात तिथे गाजर गवत माजते, आणि उरलेले महिने आजूबाजूच्या पाच नगरांतली मुले क्रिकेट व कबड्डी खेळतात. या तुकड्यावरचे आरक्षण वगळून तो रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव आला, रहिवाशांनी त्याला हरकत घेतली आणि त्यानंतर जे घडले त्याची ही सविस्तर नोंद आहे. हरकतींचे मसुदे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे मी तटस्थ निरीक्षक नाही. संबंधित कुटुंब, नगरे, आरक्षणाचा क्रमांक आणि अधिकारी यांची ओळख मी जाणीवपूर्वक दिलेली नाही.

या दोन एकरांना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी हद्दवाढ भागाची घडण लक्षात घ्यावी लागते. सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली आणि १९९२ मध्ये आसपासची गावे शहरात आल्यावर तिचे क्षेत्र १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ नोंदली गेली. या विस्तारलेल्या भागात वस्ती दोन वेगळ्या मार्गांनी उभी राहिली. काही ठिकाणी रीतसर ले-आउट मंजूर झाले. अशा ले-आउटमध्ये मोकळी जागा सोडणे बंधनकारक असते, आणि डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनेही ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून ठेवण्याची अट घातली आहे. दुसरा मार्ग गुंठेवारीचा. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले, यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी, विडी वळणाऱ्या बायकांनी आणि हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून ते घेतले, आणि २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने पुढे त्यांतली पुष्कळ घरे नियमित होण्याची वाट उघडली. घरे नियमित झाली तरी ज्या वसाहतीत मुळात खुली जागा सोडलेलीच नव्हती, तिथे ती मागाहून निर्माण करता येत नाही. आमच्या पाच नगरांपैकी तीन गुंठेवारीची आहेत, आणि त्या तीन नगरांना सार्वजनिक म्हणता येईल अशी एकच जमीन आहे, ती म्हणजे हे आरक्षण.

प्रस्तावाची बातमी आमच्यापर्यंत पोहोचली ती योगायोगाने. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा नेमाने वाचतात. त्यांना एका आतल्या पानावर, निविदा आणि वारस नोंदीच्या नोटिसांच्या मधे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ (१) खालील, म्हणजे मंजूर विकास योजनेत फेरबदल करण्याची, सूचना दिसली. तीत कोणत्याही नगराचे नाव नव्हते, फक्त गट नंबर, आरक्षणाचा क्रमांक आणि ‘वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे’ असे शब्द होते. गट नंबर वाचून जमीन डोळ्यांसमोर येण्यासाठी आयुष्यभर मोजणी केलेला माणूसच लागला. कायद्याप्रमाणे हरकत घेण्यासाठी सूचनेच्या दिनांकापासून एक महिना मिळतो, आणि त्यातले अकरा दिवस तोवर निघून गेले होते.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर बैठक झाली. पहिली मागणी मोर्चाची आली. दुसरी सूचना नगरसेवकांना गाठण्याची होती, पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून महापालिकेवर प्रशासक होते आणि सभागृहात प्रश्न विचारणारे कोणीही नव्हते. तिसरी सूचना एकाच कागदावर हजार सह्या घेण्याची होती. मोर्चाला माझा विरोध नव्हता, पण मुदतीत दाखल न झालेला मोर्चा धारिकेत, म्हणजे कार्यालयाच्या फाइलमध्ये, कुठेच राहत नाही, आणि कलम ३७ ची प्रक्रिया सगळी धारिकेवर चालते, हे मला सांगावे लागले. सह्यांच्या बाबतीतही तीच अडचण होती. हजार सह्यांचे एक निवेदन ही कार्यालयाच्या लेखी एक हरकत ठरते आणि सुनावणीचे पत्र पहिल्या सहीकर्त्याला जाते. चाळीस माणसांनी आपापल्या कारणांसह चाळीस अर्ज दिले, तर प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करावी लागते आणि अहवालात प्रत्येक मुद्द्यासमोर अभिप्राय लिहावा लागतो. हे पटायला बराच वेळ गेला, कारण आपल्याकडे एकजूट म्हणजे एकच कागद, असा समज पक्का आहे.

दुसरी एक गोष्ट लोकांना तितकीच नवी होती. प्रस्तावाच्या टप्प्यावर जो दरवाजा उघडा असतो, तो बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर राहत नाही. जमीन एकदा रहिवास विभागात गेली की मालक कलम ४४ खाली अर्ज करतो, कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो, आणि ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. कलम ४७ खालील अपील अर्जदारासाठी आहे, त्यात शेजाऱ्याला स्थान दिलेले नाही. नकाशा नियमांत बसत असेल तर परवानगी नाकारण्याचे कारणही उरत नाही. लोक जागे होतात ते बहुधा जेसीबी आल्यावर, आणि तोपर्यंत निर्णय वर्षभरापूर्वी होऊन गेलेला असतो. म्हणून या प्रकरणात जे काही करायचे होते ते उरलेल्या एकोणीस दिवसांतच करणे भाग होते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, असे एका तरुणाने सुचवले. २००५ च्या त्या कायद्याखाली उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि ते उत्तर आम्हाला हरकतीची वेळ टळल्यावर मिळाले असते. त्याऐवजी दोन सोप्या वाटा वापरल्या. प्रस्तावाचा नकाशा पाहण्यासाठी उपलब्ध असल्याचे सूचनेतच लिहिलेले होते. शिवाय जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे नोव्हेंबर २०१८ चे शासन परिपत्रक आहे. पहिल्या सोमवारी आम्ही चौघे गेलो, भाग नकाशाची प्रत पैसे भरून घेतली आणि प्रस्तावाची टिपणी वाचून उतरवून काढली.

प्रस्तावाचे सारे बळ त्या टिपणीतल्या एका वाक्यात होते. परिसरात अन्य तीन खेळण्याच्या जागा उपलब्ध असल्याने हे आरक्षण वगळल्याने नागरिकांची गैरसोय होणार नाही, असा त्याचा आशय होता. ते मत मालकाच्या सल्लागाराने जोडलेल्या तक्त्यावरून घेतलेले होते, आणि त्या तीन जागा कोणीही जाऊन पाहिल्याचे धारिकेत दिसले नाही.

म्हणून आम्ही त्या पाहिल्या. मोजणीवाले काका, अंगणवाडीच्या सेविका आणि दहावीतली दोन मुले असे पथक टेप घेऊन निघाले. पहिली जागा एका खासगी शाळेचे मैदान होते. शाळा सुटली की त्याच्या फाटकाला कुलूप लागते, आणि आम्ही सलग पाच दिवस संध्याकाळी सहा वाजता त्या कुलपाचे छायाचित्र तारखेसह घेतले. दुसरी जागा शेजारच्या ले-आउटमधली खुली जागा. तिच्या मध्यभागी पाण्याची उंच टाकी आहे, एका कडेला समाजमंदिर आहे, आणि उरलेल्या पट्टीत चेंडू टाकायलाही जागा नाही. तिसरी जागा आरक्षणच होते, पण विजापूर रोडच्या पलीकडे, वेड्या बाभळींनी भरलेले आणि अद्याप ताब्यात न आलेले. आठ वर्षांच्या मुलाने जड वाहनांचा तो रस्ता ओलांडून तिथे खेळायला जावे, ही अपेक्षा कोणताही पालक मान्य करणार नाही. या सगळ्याचा एक पानाचा तक्ता आणि एक हातनकाशा तयार झाला. पुढील सर्व हरकतींचा तोच कणा होता, आणि माझ्या मते या प्रकरणात वकिली युक्तिवादापेक्षा अधिक काम त्या पानाने केले.

कायद्याचे मुद्देही घेतले, पण मोजके. कलम ३७ खालील फेरबदल विकास योजनेचे स्वरूप न बदलणारा असला पाहिजे, ही त्या कलमाचीच मर्यादा आहे. तीन गुंठेवारी वसाहतींची एकमेव सार्वजनिक जागा काढून घेणे हा किरकोळ फेरबदल कसा, असा आमचा प्रश्न होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांपैकी एक आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुल्या जागेची शिफारस आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय रहिवाशांच्या तक्रारीवरून रद्द ठरवला होता, आणि अशा जागेच्या रक्षणासाठी तक्रार करण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला होता. तो निकाल चार हरकतींत उद्धृत केला, बाकीच्यांत मुद्दाम टाळला. विडी वळणाऱ्या बाईच्या अर्जात सर्वोच्च न्यायालयाचे दाखले आले की अर्ज तिने लिहिलेला नाही हे लगेच कळते, आणि मग तिने सांगितलेल्या खऱ्या कारणाचेही वजन जाते.

या बायकांचा प्रश्न मला विशेष जाणवला. त्यांच्यापैकी अनेकजणी भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि घरात तेलुगू बोलतात. “आमचं घरच नाही, तर आमची हरकत कोण घेणार, अण्णा?” असे एकीने विचारले. अधिनियमात हरकती व सूचना ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ मागवायच्या आहेत. जमीन, घर किंवा मतदारयादी यांची अट त्यात कुठेही नाही. हे तेलुगूत समजावून सांगण्याचे काम त्यांच्यातल्याच एका पदवीधर मुलीने केले. त्या बोलत गेल्या, ती मराठीत लिहीत गेली, वाचून दाखवून मग सही किंवा अंगठा घेतला गेला. खोलीत विडीचे सूप, पाने आणि तंबाखू असल्याने मुलांना दिवसभर बाहेरच ठेवावे लागते, आणि बाहेर म्हणजे त्या मोकळ्या जागेत, हे कारण अकरा अर्जांत आले. त्या अर्जांसारखे काही मला लिहिता आले नसते.

आमच्या बाजूनेही चुका झाल्या. पहिल्या मसुद्यात मालक आणि अधिकारी यांनी संगनमत केल्याचा आरोप होता. पुरावा कोणाकडेच नव्हता, राग मात्र होता. तो परिच्छेद काढण्यावरून दोन दिवस वाद झाला आणि दोघे तरुण बैठकीतून उठून गेले. त्याहून अवघड वाद वेगळाच निघाला. एका नगरातल्या मंडळाला त्या जागेवर समाजमंदिर हवे होते, आणि त्यांच्या हरकतीत तसे लिहिलेही गेले होते. क्रीडांगणाचे आरक्षण टिकवा म्हणायचे आणि त्यावर इमारत मागायची, हे एकत्र चालणारे नव्हते. सुनावणीत मालकाच्या बाजूने हाच कागद वाचला असता. ज्येष्ठांनी मध्यस्थी करून मंडळाला ती मागणी सोडायला लावली, पण नाराजी आजही पूर्ण गेलेली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवसाआधी सत्तावन्न स्वतंत्र हरकती दाखल झाल्या, आणि प्रत्येकीच्या दुय्यम प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला गेला. सुनावणीच्या दिवशी त्यांपैकी बेचाळीस जण हजर राहिले, त्यासाठी अनेकींनी त्या दिवसाची मजुरी सोडली. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हे नोंदवले पाहिजे. कुलपाची पाच छायाचित्रे त्यांनी दोनदा पाहिली आणि तिन्ही जागांची स्थळपाहणी करण्याचे सांगितले. ती झाली, आमच्या तक्त्याला दुजोरा मिळाला, अहवाल शासनाकडे गेला, आणि काही महिन्यांनी फेरबदल मंजूर झाला नसल्याचे समजले. पेढे वाटले गेले.

मालकाची बाजू

हे प्रकरण इथे थांबवून लिहिले असते तर ते वाचायला सुखद झाले असते, पण खरे राहिले नसते. सुनावणीच्या दिवशी मालक कुटुंबातले थोरले भाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला हाक मारून विचारले, “मालक, तुमच्या पोरांना खेळायला माझ्या बापाची जमीन, आणि माझ्या पोरांना काय?” उत्तर माझ्याकडे नव्हते. विकास योजना अंमलात येऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तेवढ्या काळात त्यांना जमीन विकता आली नाही, बांधता आली नाही, तारण ठेवता आली नाही, आणि मोबदल्याचा एक रुपया मिळाला नाही. आजूबाजूच्या गटांत तुकडे पाडून ज्यांनी विक्री केली ते मोकळे झाले, आणि नियम पाळून थांबलेले हे कुटुंब अडकले. आमच्या एकाही बैठकीत तोवर या गोष्टीची चर्चा झाली नव्हती, याची मला लाज वाटली.

कायदाही त्यांच्या बाजूला उभा आहे. त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन आता घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती वाढली. ‘पावले’ म्हणजे काय याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केला आहे. नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र पुरेसे नाही, प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी कृती लागते. फेरबदल नाकारला गेल्यानंतर चार महिन्यांनी या कुटुंबाने खरेदी सूचना दिली. आमच्या सत्तावन्न हरकतींचा त्या सूचनेपुढे काहीही उपयोग नव्हता, कारण कलम १२७ मध्ये हरकतीला जागाच नाही. तिथे फक्त काळ मोजला जातो.

पुन्हा बैठक भरली. काहींच्या मते मालकाशी बोलणे म्हणजे माघार होती. मला मात्र वाटते की या कामातला सर्वांत उपयुक्त निर्णय त्या रात्री झाला. पाच जण मालकांच्या घरी गेले, आणि त्यांना मोबदला लवकर मिळावा यासाठी रहिवासी त्यांच्या सोबतीने पाठपुरावा करतील, असे लेखी दिले. आरक्षण टिकवायचे असेल तर ज्याची जमीन आहे त्याचे देणे चुकते झाले पाहिजे, आणि ते होईपर्यंत आपण राखलेले आरक्षण दुसऱ्याच्या खर्चावर राखलेले आहे, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेली.

मार्ग तीन होते. कलम १२६ खाली हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, घेता येतो; जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क मिळतो. मालकांनी तो नाकारला, कारण या भागात उंच इमारती फारशा उभ्या राहत नाहीत, आणि पुण्यात विकला जाणारा हा हक्क इथे घेणारा मिळेलच असे नाही. दुसरा मार्ग २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा. शहरी जमिनीला बाजारमूल्य आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट, मोबदला त्यात मिळतो. मालकांना तोच हवा होता, महापालिकेला तोच परवडत नव्हता. तिसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा, ज्यात नियमावलीने ठरवलेला हिस्सा मालकाने सार्वजनिक वापरासाठी हस्तांतरित करायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. म्हणजे मैदान लहान होणार.

लहान मैदान स्वीकारावे का, यावर आमच्यात एकमत झाले नाही. दोन एकरांतला एक गुंठाही सोडू नये, असे काहींचे म्हणणे होते आणि त्यांची कळकळ खरी होती. माझे मत उलट होते व आहे. अंदाजपत्रकात तरतूद न होता २४ महिने उलटले तर दोन्ही एकर जातील, आणि त्या वेळी मालकाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला उरणार नाही. अखेर ठरले ते असे : पहिली मागणी पूर्ण संपादनाची, त्यासाठी अंदाजपत्रक तयार होण्याच्या महिन्यांत लेखी सूचना द्यायच्या, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत तरतूद झाली नाही तर समावेशक आरक्षणाला रहिवाशांची हरकत नसल्याचे पत्र द्यायचे.

पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आरक्षणांच्या संपादनासाठी एकत्रित शीर्ष दिसले, या जागेसाठी स्वतंत्र रक्कम दिसली नाही. ठरलेला दिवस उलटल्यावर आम्ही ते पत्र दिले. सही करताना मोजणीवाल्या काकांनी हातनकाशावर मैदानाची नवी हद्द पेन्सिलने आखली, आणि रस्त्याकडची बाजू मालकांना व नगरांकडची बाजू मुलांना राहील, म्हणजे कोणालाही विजापूर रोडकडे यावे लागणार नाही, अशी सूचना केली. मालकांनी ती मान्य केली.

गेल्या महिन्यात मोजणी झाली. मालकांचा धाकटा मुलगा आणि अंगणवाडीच्या सेविका दोघेही पूर्ण वेळ उन्हात उभे होते, आणि चारही कोपऱ्यांवर खुणा करून घेतल्या गेल्या. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा अधिकृत नकाशा, अजून हातात यायची आहे. ती आली की मालक व रहिवासी मिळून समावेशक आरक्षणाचा प्रस्ताव दाखल करतील. खरेदी सूचनेची मुदत संपायला सात महिने उरले आहेत, आणि देवळाच्या फळ्यावर तो आकडा दर एक तारखेला खोडून नव्याने लिहिला जातो.